डेल्फ्ट: निळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या गावी एक दिवस, मुलं आणि आजी-आजोबांसह

सुरंगी (धागाकर्ती)

"डेल्फ्टला जायचंय, काय बघावं?" हा प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर येतो आणि उत्तरं तिथेच हरवतात. म्हणून हा स्वतंत्र धागा. बरेच जण चौकात फोटो काढतात, एक चुंबक घेतात आणि दोन तासांत परतीची गाडी पकडतात. या गावाला अख्खा दिवस द्यायला हवा, आणि तो भांड्यांभोवती आखला तरच गाव नीट कळतं.

आधी वार ठरवा. रविवारी दोन्ही मोठी चर्च प्रार्थनेसाठी असतात, पर्यटकांना आत सोडत नाहीत. सोमवारी बरीच दुकानं दुपारपर्यंत उघडत नाहीत. गुरुवारी मुख्य चौकात, म्हणजे मार्क्टवर, आठवडी बाजार भरतो. चीज, फळं, कापड सगळं मिळतं, पण नगरपालिकेची इमारत तंबूंआड जाते. उन्हाळ्यात शनिवारी कालव्यांच्या काठाने जुन्या वस्तूंचा बाजार असतो, जुन्या टाइल्स बघायच्या असतील तर तोच दिवस धरा. निवांत फिरायचं तर मंगळवार, बुधवार किंवा शुक्रवार.

गाडी: आम्स्टरडॅम सेंट्रालहून साधारण तास, रॉटरडॅमहून पाव तास, हेगहून त्याहून थोडं कमीच. हेगला मुक्काम असेल तर एक नंबरची ट्राम थेट येते. ती समुद्रकाठच्या स्खेव्हेनिंगनहून निघते, हेग ओलांडून डेल्फ्टला पोचते. ट्रेनपेक्षा वेळ जास्त लागतो, पण आजी-आजोबांना खिडकीतून बरंच काही बघायला मिळतं.

स्टेशन जमिनीखाली आहे, २०१५ साली सुरू झालं. वर हॉलमध्ये आलात की लगेच बाहेर पळू नका. मान वर करा. छताच्या कमानींवर १८७७ सालचा डेल्फ्टचा नकाशा निळ्या रंगात छापलाय. मुलांना त्यात कालवे शोधायला लावा, नंतर तेच कालवे प्रत्यक्ष ओलांडायचेत.

क्रम असा ठेवा: सकाळी थेट रॉयल डेल्फ्ट हा भांड्यांचा कारखाना, मग ओस्टपोर्ट वेशीवरून चालत गावात, जेवण, दुपारी नवं चर्च आणि जुनं चर्च, आणि खरेदी सर्वात शेवटी. कारखाना संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतो, आणि आठवड्याच्या दिवशी सकाळी गेलात तर काम चालू असलेलं दिसण्याची शक्यता जास्त. खरेदी शेवटी ठेवण्यामागे दोन कारणं. एक तर दिवसभर नाजूक वस्तू सांभाळावी लागत नाही. दुसरं म्हणजे कारखाना बघितल्यावर चौकातल्या दुकानांकडे बघायची नजरच बदलते.

एक महत्त्वाची सूचना: प्रिन्सेनहॉफ संग्रहालय २०२५ च्या सुरुवातीपासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद आहे. डच राष्ट्रपिता मानला जाणारा ऑरेंजचा विल्यम १० जुलै १५८४ रोजी तिथेच जिन्यापाशी मारला गेला, भिंतीतल्या गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये हे पहिल्या नंबरवर असतं, म्हणून निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.


मोगरा_२

सुरंगीताई, फार उपयोगी. वाखूसा (वाचनखूण साठवली). दोन शंका आहेत. बरोबर पाच आणि नऊ वर्षांची मुलं आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, एका दमात अर्धा किलोमीटर चालू शकतात. बाबागाडी न्यावी का? आणि तिकिटांचं कसं?


सुरंगी

तिकिटं: मोठ्यांनी आपलं बँकेचं काँटॅक्टलेस कार्ड फाटकावर टेकवून आत जायचं आणि उतरल्यावर तेच कार्ड टेकवून बाहेर पडायचं. दोन चुका नेहमी होतात. एका कार्डावर दोन माणसं जाऊ शकत नाहीत, प्रत्येकाला वेगळं कार्ड हवं. दुसरी जास्त महागात पडते: जाताना प्लास्टिकचं कार्ड टेकवलं आणि येताना फोनमधलं, तर बँक तीच असूनही यंत्राला ती दोन वेगळी कार्डं दिसतात आणि दोन्हींवर अर्धवट प्रवासाचा दंड लागतो. चार ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी रेलरनर नावाचं स्वस्त तिकीट असतं, ते ॲपवर आधी काढून ठेवा. चारच्या आतल्यांना तिकीट नाही. भारतातून आलेल्यांच्या कार्डावर परदेशी व्यवहाराचं शुल्क लागतं, त्यांना सुटं तिकीट किंवा गर्दीची वेळ टाळून चालणारं गटतिकीट बरं पडतं. गटतिकिटावर सात जणांपर्यंत जाता येतं.

सासूबाईंसाठी: स्टेशन ते मार्क्ट सात-आठशे मीटर, म्हणजे मध्ये एकदा बसावं लागेल. वाटेत आउडे डेल्फ्ट कालव्याच्या काठी टेकायला जागा मिळते. मार्क्ट ते रॉयल डेल्फ्ट मात्र दीड किलोमीटरच्या घरात आहे. ते त्यांना चालवू नका, स्टेशनहून टॅक्सी करा आणि परत येतानाही टॅक्सीनेच या. बाकीच्यांनी चालत यावं, मार्क्टवर भेटावं.

बाबागाडी चालते, पण मोठ्या चाकांची हवी. गल्ल्या विटांच्या आणि दगडांच्या आहेत, छोट्या चाकांची घडीची गाडी फटीत अडकते. पाच वर्षांच्या मुलाला गाडी नकोच.

आणि हे ठळक अक्षरात वाचा: कालव्यांना बहुतेक ठिकाणी कठडा नाही. रस्ता संपतो तिथे पाणी सुरू. त्यातच सायकली मागून आवाज न करता येतात. पाच वर्षांच्या मुलाचा हात कालव्याच्या काठी सोडू नका, आणि मुलांना घरांच्या बाजूने चालवा.

नव्या चर्चचा मनोरा १०८.७५ मीटर उंच आहे, देशात उत्रेख्तच्या डोम मनोऱ्यानंतर हाच. वर जायला ३७६ पायऱ्या, गोल, अरुंद, दगडी, आणि वरून उतरणारी माणसंही त्याच जिन्याने येतात. नऊ वर्षांचं मूल जाऊ शकेल, पाच वर्षांच्याला नेऊ नका. मनोऱ्याचं तिकीट चर्चच्या तिकिटापेक्षा वेगळं असतं. वारा जोराचा असला तर मनोरा बंद ठेवतात. एकाने मोठ्या मुलाला घेऊन वर जावं, बाकीच्यांनी खाली चर्चच्या मागे असलेल्या निळ्या काचेच्या मोठ्या हृदयापाशी थांबावं. लहान मुलं तिथे रमतात.


चाकावरचा

मातीकाम करणाऱ्यांच्या बाजूने थोडं सविस्तर लिहितो. कारखान्यात फलक वाचत गेलं तर सगळं एकसारखं वाटतं, आणि खरी गंमत हातातून निसटते.

पहिली गोष्ट. डेल्फ्टचं जुनं भांडं चिनीमातीचं नाही. सतराव्या शतकात डच लोक त्याला 'पोर्सेलेन' म्हणत, पण ते साध्या मातीचं भांडं, त्यावर कथलाची पांढरी झिलई, म्हणजे काचेसारखा थर. चीनहून येणारं खरं पोर्सेलिन पांढऱ्या केओलिन मातीचं, खूप तापलेल्या भट्टीत काचेसारखं पक्कं झालेलं. ती माती आणि ते तंत्र युरोपात नव्हतं. १६०२ नंतर पोर्तुगीज जहाजं पकडून त्यावरच्या चिनी भांड्यांचे लिलाव हॉलंडमध्ये झाले आणि श्रीमंतांना वेड लागलं. पुढे १६४४ साली मिंग राजवट कोसळली, चीनमधल्या धामधुमीत माल येईना. ती रिकामी जागा डेल्फ्टच्या कुंभारांनी भरली. गावात बिअरचा धंदा उतरणीला लागला होता, कालव्याकाठच्या मोठमोठ्या इमारती रिकाम्या पडत होत्या. त्यांत भट्ट्या बसल्या. म्हणून कारखान्यांची नावं दारूभट्टीसारखी: 'पांढरा तारा', 'मोर', 'गुलाब', 'तीन घंटा', 'धातूचा घडा'. रॉयल डेल्फ्टचं मूळ नाव 'डे पोर्सेलेन फ्लेस', म्हणजे पोर्सेलिनची बाटली, स्थापना १६५३. भरभराटीच्या काळात तीसेक कारखाने होते, त्यांतला हा एकच आजवर टिकला.

आता जुनी रीत. स्थानिक माती एकटी चालत नसे. तीत जर्मनीकडची माती आणि बेल्जियममधल्या तूर्नेची चुनखडीयुक्त माती मिसळत. चुनखडी का? झिलई आणि खापर (भांड्याची भाजलेली माती) भट्टीतून बाहेर निघताना दोन्ही आकसतात. झिलई जास्त आकसली तर तिला केसासारख्या भेगा जातात, खापर जास्त आकसलं तर झिलई काठावरून पापुद्र्यासारखी सुटते. चुना घातला की दोघांचं आकसणं जुळतं, शिवाय खापराचा रंग लाल न राहता फिकट पिवळसर होतो आणि पांढऱ्या थराखालून डोकावत नाही. मात्र चुना बारीक दळलेला हवा. हरभऱ्याएवढा खडा राहिला तर भाजल्यावर तो हवेतला ओलावा पितो, फुगतो आणि आठवड्याभराने भांड्यातून टवका उडवतो.

भांडं घडवून पूर्ण सुकवत. आत ओल राहिली की वाफ होते आणि भट्टीत भांडं फुटतं, शेजारच्या दहांना घेऊन. हजार अंशांच्या आसपास पहिली भाजणी. मग कथील, शिसं, वाळू, मीठ यांच्या झिलईत बुडवायचं. पाणी खापर शोषून घेतं, वर पांढरी भुकटी बसते. या भुकटीवर चित्र काढायचं. ओल्या चुन्याच्या भिंतीवर नव्हे, कोरड्या पिठावर कुंचला चालवावा तसं. चूक झाली तर पुसायची सोय नाही, पुसलं की झिलईच निघते.

नक्षी सारखी यावी म्हणून कागदावर चित्राच्या रेषांवर सुईने भोकं पाडतात, कागद भांड्यावर धरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटतात. आपल्याकडे भोकं पाडलेल्या कागदाने रांगोळी उमटवतात, अगदी तेच. कोळसा भट्टीत जळून जातो. मग लांब केसांच्या कुंचल्याने बाहेरची रेघ, नंतर आतला भर. वरून पारदर्शक शिशाच्या झिलईचा शिडकावा, त्याने निळा खोल दिसतो आणि चकाकी येते. मग दुसरी भाजणी.

रंगारी वापरतो तो कोबाल्ट काळा दिसतो. भट्टीतून बाहेर आल्यावर निळा. मुलांना हे आधी सांगू नका, कारखान्यात काळी-करडी चित्रं बघून त्यांनाच विचारू द्या.

रॉयल डेल्फ्टची आजची रीत वेगळी आहे, हे फलकावर असूनही बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. कारखाना एकोणिसाव्या शतकात डबघाईला आला होता, १८७६ साली योस्ट थोफ्टने तो घेतला आणि पांढरं पक्कं खापर आणलं. आता केओलिन, फेल्डस्पार, क्वार्ट्झ वगैरे मिसळून मातीचा पातळ घोळ करतात, तो प्लास्टरच्या साच्यात ओततात. प्लास्टर पाणी ओढतं, भिंतीलगत थर धरतो, हवी तेवढी जाडी झाली की उरलेला घोळ ओतून टाकतात. कपाचा कान वेगळा करून घोळानेच चिकटवतात. पहिली भाजणी साधारण ११६० अंशांवर. मग भाजलेल्या पांढऱ्या खापरावर थेट चित्र, त्यावर झिलई, आणि दुसरी भाजणी साधारण १२०० अंशांवर. भट्टीत जाताना झिलई पांढरी अपारदर्शक असते, चित्र पूर्ण झाकलं जातं. वितळून ती काच होते आणि खालचं चित्र वर येतं.

म्हणजे जुन्या डेल्फ्टमध्ये चित्र झिलईच्या वर, आजच्यात झिलईच्या खाली. हे एक वाक्य डोक्यात ठेवून कारखान्यात फिरा, दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसेल: जुन्यात रेघेची कड किंचित फुटलेली, मऊ, नव्यात काचेखाली धरल्यासारखी नेमकी.

तिथे रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' ४८० टाइल्सवर रंगवलेलं आहे. आधी लांबून बघा, मग जवळ जाऊन एकच टाइल निवडा आणि तीत किती निळ्या छटा आहेत ते मोजा. रंग एकच, फक्त पाणी कमी-जास्त.


कवडसा

चाकावरचा, अप्रतिम. एक प्रश्न: कार्यशाळेत मुलांना टाइल रंगवायला मिळते म्हणतात. पाच वर्षांच्या मुलाला जमेल का? आणि लगेच घरी नेता येते का?


चाकावरचा

जमेल, पण जागा आधी राखून ठेवा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही. लगेच मात्र मिळत नाही. रंगवल्यावर झिलई आणि भाजणी व्हायची असते. नंतर येऊन घ्यायची किंवा पोस्टाने मागवायची, पोस्टाचा खर्च वेगळा. आठवड्याभरात भारतात परत जाणाऱ्यांनी नोंदणी करतानाच पत्ता आणि खर्च विचारून घ्यावा.

रंगवताना कुठे चुकतं ते सांगतो:

हात धुवून बसा. सनस्क्रीन, चिप्स, लोणी लागलेलं बोट खापराला लागलं की तिथे तेलकट डाग पडतो, झिलई त्या जागी धरत नाही आणि टक्कल दिसतं. मुलांना टाइल फक्त कडेने धरायला शिकवा.

पेन्सिलीने आधी हलकं चित्र काढा. शिसपेन्सिल भट्टीत जळून जाते, खोडायची गरज नाही. बॉलपेन किंवा मार्कर नको.

कुंचला भरपूर भिजवा. खापर टीपकागदासारखं पाणी ओढतं, कोरडा कुंचला अर्ध्या इंचातच थांबतो. रेघ ढकलायची नाही, आपल्याकडे ओढायची, एका श्वासात.

एकाच जागी पुन्हा पुन्हा रंग फिरवू नका. जाड थर बसला तर भट्टीनंतर निळा न दिसता काळपट, खरखरीत डाग येतो. फिकट हवं तर पाणी वाढवा, गडद हवं तर दोन थर, तिसरा नको. पाच वर्षांच्या मुलाला मोठा आकार द्या: मासा, होडी, पवनचक्की. बारीक फुलात ते कंटाळतं.


खडीसाखर

शनिवारच्या बाजारात जुन्या टाइल्स शोधणाऱ्यांसाठी.

'डेल्फ्टची टाइल' म्हणून विकल्या जाणाऱ्या जुन्या टाइल्स बऱ्याचदा डेल्फ्टच्या नसतात. रॉटरडॅम, उत्रेख्त, हार्लिंगन, मॅक्कुम इथे टाइल्सचा धंदा मोठा होता, डेल्फ्ट मुख्यतः भांड्यांचं गाव. विकणारा फसवतोय असं नाही, नावच तसं रूढ झालंय.

माप: साधारण १३ बाय १३ सेंटिमीटर. जितकी जुनी तितकी जाड, सुरुवातीच्या दीड सेंटिमीटरच्या आसपास, नंतरच्या त्याच्या निम्म्या. टाइल हातात घेऊन उजेडात तिरकी धरा आणि चारही कोपरे बघा. दोन किंवा अधिक कोपऱ्यांत टाचणीएवढा खळगा दिसेल, त्यात झिलई भरलेली. ओली माती लाकडी फळीभोवती कापताना फळी सरकू नये म्हणून तिला खाली खिळे असत, त्यांच्या या खुणा. नक्कल करणारे आता खळगेही पाडतात, म्हणून एवढ्यावर थांबू नका. पालथी करा: मागे जुन्या चुन्याचे अवशेष, फिकट पिवळं किंवा गुलाबी खापर, कडा थोड्या आतल्या बाजूला कललेल्या. पृष्ठभागावर बारीक टाचणीच्या टोकासारखी छिद्रं. सगळं गुळगुळीत आणि शुभ्र असेल तर ती नवी.

कोपऱ्यातली नक्षीही बघा. बैलाचं डोकं, कोळी, फ्रेंच लिली असे ठरलेले प्रकार आहेत. मुलांसाठी 'खेळणारी मुलं' असलेल्या टाइल्स शोधा: भोवरा, गोट्या, काठ्यांवर चालणं. तीनशे वर्षांपूर्वीचा भोवरा आणि आपला भोवरा यांत फरक काय, यावर नऊ वर्षांचं मूल अर्धा तास बोलेल.

डेल्फ्टचा चित्रकार फर्मीर याच्या 'दूधवाली' चित्रात भिंतीच्या तळाशी अशाच टाइल्सची रांग आहे. ते मूळ चित्र आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये. 'मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी' आणि 'डेल्फ्टचा देखावा' हेगच्या माउरित्सहाउसमध्ये. डेल्फ्टमध्ये फर्मीरचं एकही मूळ चित्र नाही. फर्मीर सेंटरमध्ये त्याच्या सगळ्या चित्रांच्या खऱ्या आकारातल्या प्रतिकृती आहेत, त्या शिकायला छान, पण मूळ चित्र बघायच्या आशेने जाऊ नका.


आंबोलीकर

दुकानांतलं खरं-खोटं कसं ओळखायचं? चौकात पाच युरोंपासून पाचशेपर्यंत सगळं निळं-पांढरंच दिसतं.


खडीसाखर

पालथं करून बघा. रॉयल डेल्फ्टच्या हाताने रंगवलेल्या वस्तूवर बाटलीचं चित्र, थोफ्टची एकात एक गुंफलेली आद्याक्षरं आणि खाली 'डेल्फ्ट' हे निळ्या रंगात हाताने लिहिलेलं असतं, शेजारी रंगाऱ्याची आद्याक्षरं आणि सालाची खूण. नुसतं 'डेल्फ्ट ब्लू' छापलेलं असेल तर त्याने काहीच सिद्ध होत नाही.

मग भिंग किंवा फोनचा कॅमेरा मोठा करून रेघ बघा. कुंचल्याची रेघ सुरू होते तिथे जाड, संपते तिथे बारीक, मध्ये रंग साठलेला. छापील चित्रात बारीक ठिपके दिसतात किंवा रेघेची जाडी शेवटपर्यंत एकसारखी. मधला एक प्रकारही आहे: बाह्यरेषा छापील, आतला भर हाताने. तो 'हाताने रंगवलेला' म्हणून विकला जातो. किंमत परवडली तर जरूर घ्या, पण काय घेतोय ते कळून घ्या. एकाच नक्षीचे दोन कप शेजारी ठेवले तरी उलगडा होतो. दोन्हींवर पान अगदी त्याच जागी त्याच वळणाने आलं असेल तर ते हाताचं नाही.

आणि बाजारात मडकं वाजवून घेतो तसं हेही वाजवून घ्या. बशी तीन बोटांच्या टोकांवर तोलून धरा, दुसऱ्या हाताच्या नखाने काठावर टिचकी मारा. स्वच्छ नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. दुकानदाराला विचारून करा.

जुन्या भांड्यात जेवण वाढू नका. त्याच्या झिलईत शिसं असतं आणि लिंबू, चिंच, कोकम, दही अशा आंबट पदार्थांत ते उतरतं. टवका उडालेल्या जागी हळदही कायमची बसते. ती भिंतीवर टांगायचीच वस्तू.


रेडीचा_दीप

थोडं अवांतर, पण धाग्याशी जोडलेलं. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टची होती. कंपनीच्या प्रसिद्ध चिन्हावर शाखेचं आद्याक्षर डोक्यावर असे, डेल्फ्टचा 'डी'. त्या शाखेचं घर आउडे डेल्फ्ट ३९ इथे अजून उभं आहे, स्टेशनपासून जवळच.

याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, १६३७ पासून. गोव्यातल्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना रसद पुरवण्यासाठी ती जागा सोयीची होती. वखारीचे पडके अवशेष वेंगुर्ल्यात आजही बघता येतात. सिंधुदुर्गातून आलेल्या आजी-आजोबांना आउडे डेल्फ्ट ३९ च्या दारासमोर नक्की न्या.


मोगरा_२

खाण्याचं काय? सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही.


सुरंगी

अंडं नाही म्हटल्यावर पॅनकेक आणि पोफर्टिएस (छोटे फुगीर पॅनकेक) दोन्ही बाद, दोन्हींच्या पिठात अंडं असतं. केकमध्येही. सूपवर 'शाकाहारी' लिहिलं नसेल तर रस्सा मांसाचा असू शकतो, विचारा. टोमॅटो सूपातही बारीक गोळे मांसाचे असतात. बऱ्याच डच चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, हे पाळणाऱ्यांनी पाकिटावर बघावं. बटाट्याच्या फ्राइट चालतात, पण त्याच तेलात मांसाचे क्रोकेट तळलेले असतात, म्हणून कडक पाळणाऱ्यांसाठी घरून थालीपीठ, दशम्या, चटणी न्यावी. बेस्टेनमार्क्ट हा झाडांच्या सावलीचा चौक आहे, एके काळचा गुरांचा बाजार. तिथे बाकी मंडळींना कोबुस कुखचा सफरचंदाचा पाय खाऊ द्या. मात्र त्यांच्या टेबलावर बसून आपला डबा उघडू नका, डब्यासाठी बाहेरचा सार्वजनिक बाक शोधा.

संध्याकाळी हेगला जाणार असाल तर तिथे सुरिनामी हिंदुस्थानी लोकांची रोटीची दुकानं आहेत. बटाटा आणि लांब शेंगांची भाजी घालून रोटी मिळते, अंडं नको म्हणून आधी सांगावं लागतं.

स्वच्छतागृहं बहुतेक ठिकाणी पैसे देऊन वापरायची. कारखान्यात आणि जेवायच्या जागी सगळ्यांनी जाऊन घ्या, मध्ये शोधाशोध नको.


कवडसा

जुन्या चर्चबद्दल कोणी लिहिलं नाही. वेळ कमी असेल तर दोन्हींपैकी कोणतं?


सुरंगी

दोन्ही चर्चचं तिकीट एकत्रच असतं, आणि अंतर पाच मिनिटांचं. नव्यात विल्यमची समाधी, हेंड्रिक दे केयसर या शिल्पकाराने घडवलेली. पायाशी त्याचा कुत्रा कोरलाय, मुलं तो शोधतात. खाली राजघराण्याचं तळघर, तिथे कोणालाही प्रवेश नाही.

जुन्याचा मनोरा सुमारे ७५ मीटर उंच आणि टोकाशी जवळजवळ दोन मीटर कललेला. बुजवलेल्या कालव्यावर बांधल्यामुळे पाया एका बाजूने खचला. बांधकाम चालू असतानाच कल लक्षात आला, तेव्हा वरचा भाग सरळ करत नेला. म्हणून आउडे डेल्फ्टच्या पुलावर उभं राहून बघितलं तर मनोऱ्यात किंचित वाक दिसतो. आत फर्मीर आणि सूक्ष्मदर्शकातून जीवजंतू पहिल्यांदा बघणारा लेव्हेनहुक, दोघांच्या कबरी. दोघंही १६३२ साली याच गावात जन्मले. एकच बघायचं तर जुनं. शांत असतं, सासूबाईंना बसायला मिळेल.


आंबोलीकर

भारतात नेताना काय काळजी घ्यायची? आई-बाबांना खरेदीवरचा कर परत मिळतो का?


खडीसाखर

कर परत युरोपियन युनियनबाहेर राहणाऱ्यांनाच मिळतो, म्हणजे आई-बाबांना हो, इथे राहणाऱ्या मुलाला नाही. एका दुकानात एका वेळी किमान ५० युरोंची खरेदी हवी. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म त्यांच्याच नावाने करून घ्या, पैसेही शक्यतो त्यांनीच द्यावेत. नेहमीची चूक अशी की वस्तू मोठ्या बॅगेत घालून बॅग आधीच विमान कंपनीच्या स्वाधीन करतात. स्खिपोलवर कस्टमला वस्तू दाखवायला सांगू शकतात, म्हणून आधी शिक्का, मग बॅग.

बांधणी: बशा कधीही आडव्या एकावर एक ठेवू नका. प्रत्येक बशी कापडात गुंडाळून उभी ठेवा, काठावर, पुस्तकांसारखी. आडव्या बशीवर वरचा भार मध्यभागी येतो आणि ती मधोमध फुटते. कपाच्या आत मोजे भरा, कानाभोवती वेगळी गुंडाळी करा. आधी कान तुटतो, तो वेगळा चिकटवलेला असतो. मनोरे, घोडे, ट्युलिपची नळीदार फुलदाणी असलं बारीक टोकांचं काही घेतलंत तर हातातल्या सामानातच.


कवडसा

गाडीने आलो तर?


सुरंगी

मध्यभागात गाड्यांना फारशी मुभा नाही, गल्लीत शिरू नका. झाउडपोर्ट किंवा फीनिक्स या वाहनतळांत लावा. फीनिक्सहून बाहेर पडलात की 'दे रोस' ही पवनचक्की जवळच. रेल्वेचा बोगदा खोदताना ती अख्खी वर उचलून घेतली होती. निळं निशाण फडकत असेल तर चालू आहे असं समजा आणि दळण बघायला आत जा. जिने उभे शिडीसारखे आहेत, सासूबाईंना खालीच बसवा.